किल्ल्याचा दगड आणि आमची तुळस

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि आमची तुळस अजून दुधाच्या पावडरीच्या डब्यात होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. ह्यांची बाहरीनमधल्या बँकेत नोकरी, मनामात भाड्याचं घर. बेटावर दोन वर्षं राहून, इतिहासाची पदवी घेऊनही मी तिथला पोर्तुगीज किल्ला पाहिला नव्हता. ‘या शुक्रवारी जायचं,’ असं मी जाहीर केलं.

तुबलीच्या गॅरेजात काम करणारा संगमेश्वरचा दत्ताराम पिकअप घेऊन आला. आठ वर्षांची मेधा आणि मी पुढे, हे जेवणाच्या डब्यासकट मागे हौद्यात. सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, गरम खुब्ज रोटी घेतली. बटाट्याची भाजी घरची होती. मनामातून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात खजुरीच्या बागा आणि कर्बाबाद गाव लागतं. आज तिथे डांबरी रस्ता आणि संग्रहालय आहे. तेव्हा शेवटचा टप्पा धुळीचा, पाटी नाही, तिकीट नाही, सावलीही नाही. पाणी आणि बंद बूट तेव्हाही लागत, आजही लागतात.

किल्ला आहे तो टेकाडावर. टेकाडाखाली गाडलेली जुनी शहरं, वर आधीचा किल्ला, त्यावर पोर्तुगीजांनी चढवलेले बुरूज. समुद्राकडच्या भिंतीवर उभं राहिल्यावर वारा छान लागला, पण मन उदास झालं. जिकडे तिकडे ढासळलेले ढीग.

“तोफांनी पाडला काय, वहिनी?” दत्तारामने विचारलं.

“तोफा थोडंच पाडतात,” मी म्हणाले. “मालक निघून जातो. मग लोक आधी लाकूड नेतात, मग दगड. वसईजवळ एका गोठ्याची पायरी मी पाहिली आहे, चर्चच्या नक्षीची! मेधा, इथलं काहीही उचलायचं नाही.”

“झालं, तास सुरू,” हे म्हणाले.

उतरताना एका आडभिंतीच्या पायथ्याशी तो दगड दिसला. चौकोनी, घडवलेला, अर्धा बाहेर आलेला. तुळशीखाली अगदी बसेल असा.

“दत्ताराम, निघेल का हो?”

त्याने टायर काढायची लोखंडी टॉमी आणली. दोन हिसक्यांत दगड बाहेर.

“आई, यू सेड डोन्ट टच!” मेधा ओरडली.

“तो सुटलेलाच होता,” मी दरडावलं.

खजुरीच्या पात्यांची टोपली विणत एक म्हातारा खाली बसला होता. मुंबईशी जुना व्यापार असल्यामुळे तिथल्या म्हाताऱ्यांना हिंदी येई. तो उठून आला. मला वाटलं, आता रागावणार.

“घर बनाती हो?” त्याने विचारलं.

“नहीं. पूजा के लिए.”

“मेरा घर भी इसी पत्थर का है. दादा ने निकाला.” तो हसला. मग म्हणाला, “लेकिन मैं तो इधर ही मरूँगा. तुम जाओगी, तो यह कहाँ रहेगा?”

“जाने से पहले वापस ला के रखूँगी.”

“इंशाल्ला बोलो.”

“इंशाल्ला,” मी म्हणाले. ह्यांनी दुसरीकडे पाहिलं. मी त्याच्याकडून एक टोपली विकत घेतली, जणू तेवढ्याने फिटलं.

तुळशीचं लग्न थाटात झालं. बायका दगडाचं कौतुक करत, आणि मी किल्ल्याचा इतिहास सांगे. सांगताना दगड कुठून आला तेही सांगे, ठसक्यात.

चार वर्षांनी ह्यांचं काँट्रॅक्ट संपलं. सामान बांधण्याआधी मी दत्तारामला दगड काढायला सांगितलं.

“वहिनी, तेव्हा हलू नये म्हणून मी सिमेंटात बसवलेला,” तो खाली बघत म्हणाला. मला न विचारता, पण माझ्यासाठीच. छिन्नी लावली तर मुळात समुद्रतळातून काढलेल्या त्या ठिसूळ दगडाचे तीन तुकडे झाले.

शेवटच्या शुक्रवारी तुकडे पोत्यात घालून आम्ही पुन्हा कर्बाबादला गेलो. जिथून दगड काढला होता ती जागा मला सापडेना. मेधाने दाखवली. दगड काढून उरलेल्या कोनाड्यावरची भिंत हातभर खाली आली होती.

म्हातारा अजून होता. त्याने मला ओळखलं, पोत्यात डोकावला.

“बारिश से गिरा,” भिंतीकडे बोट करून तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मला कळलं. त्याने तिन्ही तुकडे स्वतः उचलून ढिगावर ठेवले, हात झटकले. “खलास.”

त्यांच्यावरचं सिमेंट पांढरंफटक दिसत होतं. बाकीच्या दगडांत ते तुकडे मिसळलेच नाहीत.

आता पुण्यात आमची तुळस साध्या विटांच्या कट्ट्यावर आहे. टोपली अजून टिकून आहे. तिच्यात मी वाती ठेवते. मेधा कधी दगडाचा विषय काढत नाही, आणि तेच मला लागतं. किल्ले का पडतात, याचं उत्तर मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. त्यात सगळीकडे ‘लोक’ असा शब्द होता.

तुम्ही बाहरीनला गेलात तर संध्याकाळी किल्ल्यावर जा, समुद्राकडच्या भिंतीवर थांबा. आणि निघताना मुलांचे खिसे तपासण्याआधी स्वतःची पिशवी तपासा.