ब्रिटनच्या बाजूची केतकी

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझं साधं पडसंही लपत नाही.

सिंगापूरच्या एका विद्यापीठात मी तेव्हा पोस्टडॉक होतो, म्हणजे पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक; इतिहास शिकवायचो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर भारताचं मोठं कर्ज झालं होतं. ते कसं फेडायचं यावर पुढे दोन्ही सरकारांची बरीच घासाघीस चालली. तीच घासाघीस मी वर्गात करून घ्यायचो. एक गट ब्रिटन, एक भारत. कुठपर्यंत झुकायचं हे प्रत्येक गटाला मी बाजूला बोलावून सांगायचो. सगळा खेळ त्या गुपितावर — आणि ते सांभाळणारा मी एकटा.

ब्रिटनच्या बाजूने केतकी बोलत होती. पुण्याची, यिशुनला खोली घेऊन राहणारी, मला वर्गात सर आणि बाहेर दादा म्हणणारी. व्यापार करारांच्या वाटाघाटी करायच्या, हेच तिचं स्वप्न. आणि काय बोलायची! एकेक हप्ता लांबवत तिने भारताला पार कोपऱ्यात आणलं. भारताचा म्होरक्या, एक स्थानिक मुलगा, मला हसत म्हणाला, "नेव्हर माइंड लाह सर, वी टेक."

वी टेक? म्हणजे मिळेल ते घेऊन गप्प बसायचं? माझं डोकंच फिरलं. खेळ होता हो, कळत होतं मला! पण भारत हरतोय, माझ्या डोळ्यांदेखत — कसं बघवणार? मधल्या सुट्टीत मी त्याला ब्रिटनची शेवटची मर्यादा सांगून टाकली. सुट्टीनंतर केतकी हरली.

एवढंच असतं तर मी आज सांगायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी ती मला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, भेटायला आली. डोळे सुजलेले. "दादा, खरं सांगा, माझं कुठे चुकलं?"

एक वाक्य पुरलं असतं ना? मी मात्र चहा ढवळत तिच्यात नसलेले दोष काढत बसलो. तुझा चेहरा सगळं बोलून जातो, म्हणालो. समोरच्याला तुझा अंदाज येतो. हे काम तुझं नाही — हेही म्हणालो! बिंग फुटेल म्हणून घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढे तांजोंग पगारच्या एका ऑफिसात नोकरी धरली, दिवसभर स्क्रीनसमोर, कुणाशी बोलावं न लागणारी.

काही वर्षांनी गणपतीच्या जेवणाला भेटली. मला आग्रहाने मोदक वाढत नवऱ्याला म्हणाली, "दादांनी वेळीच सांगितलं म्हणून बरं. नाहीतर नको त्या वाटेला गेले असते मी."

"अगं, त्यात काय," मी म्हणालो, आणि मोदक खाल्ला.