खसखस नसलेले लाडू

आमच्या घराण्यात कोणी परदेशी निघालं की विमानतळाआधी त्याला अमरावतीत माझ्या घरी हजेरी लावावी लागते. मी स्वतः देशाबाहेर एकदाच गेलो, तेही सहलवाल्याच्या झेंड्यामागे. परतताना तपासणीसाठी काढलेला कमरेचा पट्टा ट्रेमध्येच विसरलो आणि एका हाताने पँट धरून मायदेशी उतरलो. एवढ्या शिदोरीवर मी घरचा सल्लागार झालो. परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकार सूचना काढतं, त्या मी मन लावून वाचतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, त्याची नक्कल वेगळ्या पिशवीत ठेवा, औषधं चिठ्ठीसकट न्या, परक्याचं सामान हातात घेऊ नका. उत्तरादाखल सगळे हात जोडल्याचं चित्र पाठवतात. वाचत कोणी नाही.

माझी मोठी बहीण मात्र ऐकायची. तिला आम्ही बाई म्हणतो. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यात तिचं घर, काळी कसदार जमीन, कपाशी आणि तूर. तिची एकुलती एक लेक दुबईला असते. लेकीचं पहिलं बाळंतपण तिकडेच ठरलं आणि अकोल्यापलीकडे फारशी न गेलेली बाई एकटी विमानाने जायला निघाली. तिला भीती विमानाची नव्हती. बाळंतिणीच्या तोंडात पहिला डिंकाचा लाडू आपल्या हातचा पडावा, एवढीच तिची आस होती. आमच्या मायने तिच्या बाळंतपणात केले होते, तसेच लाडू.

मी बॅग तपासायला गेलो तेव्हा लाडू वळून तयार होते. स्टीलचा मोठा डबा, वर पांढरं फडकं. झाकण उघडताच मायच्या स्वयंपाकघराचा वास आला. एरवी मी आधी दोन खाल्ले असते. त्या दिवशी सल्लागार जागा होता.

"बाई, यात खसखस आहे काय?"

"आता बाळंतिणीचा लाडू हाये. खसखस नाई तं काय मुरमुरे टाकीन?"

"तिकडे खसखस चालत नाही. न्यायला बंदी आहे. पकडतात."

खाटेवर बसलेले भाऊजी हसायला लागले. "खसखशीले बंदी? मंग दिवाळीतल्या अनारशापायी आपलं सारं गावच जेलात पायजे."

"भाऊजी, अफूच्या बोंडातलं बी आहे ते."

"अरे बाप्पा," बाई म्हणाली, "लहानपणी तू मायचा डब्बाच्या डब्बा खाल्ला. तुले चढली काय कधी?"

"चढली असती तर असा सूचना वाचत बसलो असतो काय?"

सगळे हसले. पण मी फोन काढला आणि वाचून दाखवलं. कपड्याला, पिशवीला एखादा दाणा चिकटलेला सापडला तरी माणूस अडकू शकतो, हेही सांगितलं. तेव्हा बाईचं हसू गेलं. तिने डबा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "बरं बाबू. दुसरे करतो."

तिने दुसरे केले. मिक्सरचं भांडं राखेने घासलं, डबा उन्हात ठेवला, नवं फडकं घेतलं. डिंक, खोबरं, खारीक, मेथी सगळं टाकलं. फक्त खसखस नाही.

नागपूरला जाताना तिला मीच गाडीने घेऊन निघालो. डबा तिच्या मांडीवर होता. अमरावती मागे पडली, नांदगाव पेठेचे कारखाने गेले, आणि बाई एकदम म्हणाली, "बाबू, मिक्सर तं तोच होता रे."

"घासला ना तू?"

"घासला. पण झाकणाची रबरी रिंग काहाडून कोण पायते? त्याच्या खाली असन एखादा दाणा, तं?"

काही होत नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. पण एक दाणाही चालत नाही हे मीच वाचून दाखवलं होतं, आणि तेही खरंच होतं. मी रस्ता बघत गाडी चालवत राहिलो.

नागपूरच्या विमानतळाच्या दारात तिने डबा माझ्या हातात दिला.

"घे. घरी खाऊन घेजा."

"बाई, अगं..."

"नोको. पोरीच्या दारात पोलीस नोको. लेकीजोळ पहिल्यांदाच खाली हातानं जाऊन राहिली मी, पण जाऊ दे."

आत जाताना तिने बॅगेची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. बॅग कोणाकडे सोपवायची नाही, हाही माझाच सल्ला. पुढे मुंबईला विमान बदलायचं होतं. तिथे ती सगळा वेळ एका खुर्चीत बसून राहिली. शेजारच्या मराठी बाईने "जाऊन या, मी बघते बॅग" म्हटलं तरी उठली नाही. बॅग घेऊनच बाथरूममध्ये जाता येतं, हे सूचनांत नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

दुबईला तिची बॅग कोणी उघडलीसुद्धा नाही. फोनवर तिने हे सहज सांगितलं, टोमणा म्हणून नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, परत करता आला असता.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. व्हिडिओवर भाचीने लाडूचा पुडा दाखवला, तिकडच्या दुकानातून आणलेला. "मामा, आई सांगते ती लाडू घरीच विसरली. वय झालं आता तिचं."

"विसरली नाही गं. माझ्या सांगण्याने ठेवून आली."

"मग बरंच केलं मामा. इथे खरंच चालत नाही."

जावईही तेच म्हणाले, भाऊजीही. सगळ्यांनी मला बरोबर ठरवलं. मागे बाई बाळाचे पाय चोळत होती.

लाडू आमच्याकडे तसेच राहिले. बायकोने एकदा विचारलं, "कोणी खायचे हे?" बाळंतिणीचे लाडू पन्नाशीतल्या ढेरपोट्या मामाने कसे खावेत? तिने डबा वरच्या फळीवर ठेवला.

बाई परत आल्यावर मी डबा घेऊन खेड्यात गेलो. तिने झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकबी नाई खाल्ला?"

"नाही."

तिने एक फोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. आम्ही दोघं बराच वेळ चावत राहिलो. लाडू कडक झाला होता, पण वाईट नव्हता. मायचा मात्र नव्हता.

"सल्ला बरोबर व्हता तुवा," ती म्हणाली.

मग तिने उरलेले लाडू ताटात काढले, डबा पुसला आणि तिकडून आणलेला खजूर त्यात भरला. डबा तिचाच, पण आमच्याकडे आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. झाकण लावून तिने तो माझ्यापुढे सरकवला.

"हे तं चालते ना इकडे? पाहून घे तुया त्या फोनात."

भाऊजी हसले. मीही हसलो. बाई ताटातले लाडू झाकायला फडकं शोधत होती.