काशिनाथ आप्पांच्या ट्रकची चासी

मी डिप्लोमा मेकॅनिकल केलेला माणूस. आवाज आला की तो कुठून आला हे शोधायचं, हाच माझा धंदा. सैल झालेला बुश, फुटलेला सायलेन्सर, तुटायला आलेला पट्टा... प्रत्येक आवाजामागे एक पार्ट असतो, आणि तो सापडतोच. माझ्या गॅरेजमध्ये लिंबू-मिरची बांधायची पद्धत मीच बंद केली होती. अमावास्येला गाडी खोलू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची तर मी तोंडावर थट्टा करायचो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

२००२ साल. शहापूरहून मुरबाडकडे निघालं आणि सापगाव मागे टाकलं की डाव्या हाताला माझं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, वर आडवा लोखंडी गर्डर, पुढे मोकळी जागा. माणसं आम्ही तिघंच – मी, वेल्डिंग करणारे पांडूदादा आणि वायरिंग बघणारे रफिकभाई. दोघंही माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे.

काशिनाथ आप्पा सरळगावच्या बाजूचे, सत्तरीला टेकलेले. पंचवीसेक वर्षं त्यांनी एकच ट्रक चालवला. आसपासच्या गावांतून वाळलेल्या गवताच्या गाठी भरायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पोचवायच्या. पुढे ट्रक त्यांच्या अंगणात नुसताच उभा राहिला. इंजिन ठीक होतं, केबिन ठीक होती, पण चासी – म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर अख्खी गाडी उभी असते, तो – मागच्या बाजूला गंजून चिरली होती. वेल्डिंगवर भागण्यातलं ते काम नव्हतं. मी त्यांना सरळ सांगितलं, भंगारात द्या. 

"मिस्त्री, ती कमवेल म्हनून नाय सांगत मी," ते म्हणाले. "तिला आपल्या पायावर उभी करा. बाकी काय नको."

मग मी नाही म्हणू शकलो नाही. एका मोडीत निघालेल्या ट्रकची धडधाकट चासी मिळाली, आरटीओची परवानगी झाली आणि आम्ही गाडी खोलली. मागची बॉडी उतरवली, केबिन उचलून बाजूला ठेवली, इंजिन काढलं, जुनी चासी ओढून बाहेर टाकली. आप्पा रोज सकाळच्या एसटीने डबा घेऊन यायचे आणि खुर्चीवर बसून सगळं बघायचे. कामात लुडबुड अजिबात नाही. एकच गोष्ट त्यांनी दोन-तीनदा बजावली होती – नव्या चासीवर केबिन चढवाल तेव्हा मी समोर पाहिजे.

नेमके त्याच दिवशी ते आले नाहीत. तापाने पडलेत असा निरोप आला. थांबायला हवं होतं, कबूल. पण केबिन उचलायची चेन पुली मी आसनगावच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणली होती आणि त्याला ती संध्याकाळी परत हवी होती. मी काम सुरू केलं.

दुपारचे साडेबारा झाले असतील. बाहेर कडक ऊन. नवी चासी चार लोखंडी घोड्यांवर ठेवलेली, जमिनीपासून गुडघ्याच्या जरा वर. तिच्यावर गर्डरला लावलेल्या पुलीने केबिन टांगलेली, अगदी वीतभर अंतर राहिलेलं. केबिनची भोकं आणि चासीची भोकं एका रेषेत आली की बोल्ट टाकायचे. ते खालूनच दिसतं, म्हणून मी जमिनीवर गोणपाट टाकून पाठीवर सरकत आत गेलो. पांडूदादांच्या हातात साखळी. रफिकभाई केबिनला बाहेरून दोन्ही हातांनी धरून उभे. मी भोकात सळई घातली आणि त्यांना सांगितलं, अजून दोन बोटं पुढे घ्या.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

एकच हॉर्न... लांबलचक, न थांबणारा. गॅरेज रस्त्याला असल्यामुळे दिवसभर हॉर्न ऐकून आमचे कान मेलेले होते. पण हा रस्त्यावरचा नव्हता. हा माझ्या डोक्यावर वाजत होता. केबिनच्या पत्र्याची थरथर मला हातातल्या सळईत जाणवत होती. मी वैतागलो. अशा वेळी कसली मस्करी? तसाच सरकत बाहेर आलो, उभा राहिलो आणि विचारलं की हॉर्न कोण दाबतंय. रफिकभाई माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात अजून बाहेरून पत्र्यालाच टेकलेले. हॉर्न थांबला.

आणि पुलीचा वरचा हूक तुटला.

केबिन खाली आली ती चासीवर तिरकी आदळली. पुढच्या दोन्ही घोड्या लाथ मारल्यासारख्या बाजूला उडाल्या आणि चासीचं तोंड धाडकन जमिनीवर बसलं. रफिकभाई कसे वाचले कुणास ठाऊक, मागे उडी मारताना त्यांचं फक्त कोपर सोलवटलं. धूळ खाली बसल्यावर मला माझं गोणपाट दिसलं. चासीच्या लोखंडाखाली ते कोब्यात रुतलं होतं. जिथे रुतलं होतं, तिथे मघाशी माझी छाती होती.

 पांडूदादा साखळी हातात धरूनच खाली बसले. रफिकभाईंनी वाकड्या झालेल्या केबिनमध्ये डोकं घालून पाहिलं, मग आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डबा त्यांनी माझ्यासमोर उघडला.

"संजयभाई, ये देखो. हॉर्न तो इधर है."

त्या ट्रकचा हॉर्न त्या डब्यात होता. जाम झाला होता म्हणून त्यांनीच तो आठवड्यापूर्वी काढून ठेवला होता. बॅटरी भिंतीशी फळीवर. केबिनमधली वायरिंग तर पूर्ण उपसून काढलेली, एक वायर शिल्लक नव्हती. मी स्वतः हात घालून पाहिलं. एकदा नाही, तीनदा. समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला आणि त्याने पहिला प्रश्न केला तो हाच, की एवढा वेळ हॉर्न कोण वाजवत होतं?

हे सगळं चालू असताना आत फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे एक बाईमाणूस, धापा टाकत...

"हॅलो, तिथं मंग्या कोन हाय का? त्याला लागलं तर नाय ना?"

 कागदोपत्री मी संजय. गिऱ्हाइकं मला मिस्त्री म्हणतात, आप्पाही मिस्त्रीच म्हणायचे. मंगळवारचा जन्म म्हणून मला मंग्या म्हणायची ती एकटी माझी आई, तेही घरात. मला त्या नावाची लाज वाटायची, म्हणून ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. आणि आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

कोण बोलतंय विचारलं, तर आप्पांच्या मंडळी, काकी. शेजाऱ्यांकडून फोन लावला होता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. लगेच निघालो. मोटारसायकल पांडूदादांनी चालवली.

तासाभराने पोचलो तेव्हा आप्पा झोपले होते. काकी आम्हाला ओटीवर घेऊन आल्या आणि त्यांनी झालेलं सांगितलं. आप्पा ओटीवर बसून पेज पीत होते. मधेच वाटी टाकून उठले, समोरच्या लाकडी खांबावर उजवा तळहात जोरात दाबून धरला आणि ओरडायला लागले – मंग्या, भाईर निघ. मंग्या, भाईर निघ. काकी हात ओढत होत्या, पण तो खांबावरून सुटेना. मग आपणच हात काढला, गॅरेजला फोन लाव, मंग्याला लागलं का विचार म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. काकींना वाटलं, ताप डोक्यात गेला. तरी त्यांच्या खिशातलं माझं कार्ड घेऊन त्या शेजारी धावल्या.

आमच्या बोलण्याने आप्पा जागे झाले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. आज कामाचा दिवस, तुम्ही इथे कसे, असं विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मधूनमधून उजवा तळहात चोळत होते. तो लाल होऊन सुजला होता. हात का दुखतोय ते त्यांना माहीत नव्हतं. पेज प्यायला बसल्याचं आठवत होतं, त्यानंतरचं काहीच नाही.

शेवटी मी विचारलं, "आप्पा, मंग्या हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. मग काकींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंग्या कोन?" ते म्हणाले.

हूक मी नंतर तपासला. आतून जुनी चीर होती, लोखंड थकलेलं होतं. तेवढं मला समजतं आणि ते मी कुणालाही पटवून देईन. बाकीचं मी वीस वर्षं खोलून बघतोय. बॅटरी नाही, वायर नाही, हॉर्न नाही... आणि आवाज चार माणसांनी ऐकला. आईने आप्पांना कधी पाहिलंही नव्हतं. ट्रक आम्ही पुढे नीट उभा केला आणि आप्पांनी तो स्वतः चालवत घरी नेला. त्यानंतर अनेकदा भेटले, पण त्या दुपारचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मंग्या म्हणजे मीच, हे मात्र मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कुणी नाही." असं का म्हटलं, तेही मला अजून सांगता येत नाही.