डोंगराकडे सरकायची सवय

परवा सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मोटरसायकलवरून धडगावला सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. त्याचा शीण अजून उतरलेला नाही... वय बावन्न, रस्ता सातपुड्याचा, तक्रार करायची तरी कुणाकडे?

ती धडगावजवळच्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. अकरा वर्षं शहाद्याहून जीपने ये-जा करते. परवा तिकडच्या एका लग्नाला सगळ्या जीप बुक झालेल्या, शाळेत तपासणी, रजा अशक्य. मग घरातला रिकामा ड्रायव्हर आठवला.

आता या ड्रायव्हरचं असं की तो गेले काही महिने मोबाईलवर वळण कसं घ्यावं याचे व्हिडिओ बघतोय. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, मध्येच ब्रेक दाबायचा नाही, नजर वळण संपतं तिथे ठेवायची, अंग गाडीबरोबर आतल्या बाजूला झुकू द्यायचं. काही लोक तर गुडघा रस्त्याला टेकवतात... आम्हाला जेवायला खाली बसताना गुडघा वाकवता येत नाही, म्हणून तो धडा सोडून दिला.

हे सगळं ज्ञान मी निघताना तिला दिलं. मागे बसणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवायचं नसतं, फक्त माझ्याबरोबर झुकायचं, असंही बजावलं. ती 'हो' म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या 'हो'चा अर्थ मला कळायला हवा होता.

चढताना काही वळणं लोण्यासारखी गेली. काही वळणांवर मात्र गाडी वळायलाच तयार नाही... सरळ डोंगराकडच्या गटाराच्या दिशेने निघायची. धडगावात टायरची हवा तपासून घेतली, ती बरोबर निघाली. मग रस्त्याला दोष दिला. रस्ता उलट बोलत नाही.

संध्याकाळी उतरताना नाल्यावरचं एक डावं वळण आलं. दरी डाव्या हाताला, डोंगर उजवीकडे. वेग बेताचा होता, नजर पुढे होती, सगळं शिकल्याप्रमाणे. मी गाडी डावीकडे झुकवली... आणि मागून कुणीतरी ती उजवीकडे ओढावी तशी ती रस्त्याच्या मधोमध गेली. मग मध्य ओलांडून पलीकडे. आणि समोरून जीप.

व्हिडिओतलं काही आठवलं नाही. डावं हँडल जीव खाऊन दाबलं एवढंच कळलं. जीपवाल्याने गाडी गटारात घातली म्हणून आम्ही वाचलो... माझा आरसा आणि त्याचा पत्रा यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल.

तो खाली उतरला. मी शिव्या खायच्या तयारीत उभा, कारण त्या माझ्या हक्काच्याच होत्या. पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो सुनंदाच्या रोजच्या जीपचा ड्रायव्हर निघाला, लग्नाची भांडी घेऊन वर चाललेला.

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "मोटरसायकलवर पण डोंगराकडेच सरकता का?"

मला काही कळेना. मग त्यानेच समजावलं. जीपमध्ये मावतात त्याच्या दुप्पट माणसं, निम्मी मागे लटकलेली. दरीची कड जवळ आली की तो आवाज देतो, 'डोंगराकडे', आणि सगळी गाडी अंग चोरून डोंगराच्या बाजूला भार टाकते. जुन्या लोकांना आता आवाजही द्यावा लागत नाही, म्हणाला.

सुनंदा खाली बघत होती. घाबरली की ती अहिराणीत बोलते. "दरी दखायनी का मी आपोआप सरकी जास... तुम्हले सांगाले लाज वाटनी."

म्हणजे वळण डोंगराच्या बाजूला असेल तर आमचं दोघांचं जमायचं. वळण दरीच्या बाजूला आलं की मी दरीकडे झुकायचो आणि ती डोंगराकडे. गाडी बिचारी काय करणार...

तिथेच दगडावर बसून पाणी प्यायलो. तिला एवढंच सांगितलं की ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघ. खाली दरीत बघायचं नाही. जमत नसेल तर डोळे मीट, पण झुक. या वेळी तिने 'हो' म्हटलं नाही. नुसती मागे बसली.

उरलेल्या प्रत्येक वळणावर मी वेग निम्मा केला आणि आधी बाजू सांगत गेलो. दरी आतल्या बाजूला आली की तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची... आणि ती झुकायची. दरीकडे. माझ्या भरवशावर. एवढा विश्वास ठेवण्यासारखं मी अलीकडे काय केलंय, ते आठवत नाही.

सपाटीला लागल्यावर सहज विचारलं, तुला जीपमध्ये बसायला जागा मिळते ना? म्हणाली, कधी कधी.

अकरा वर्षं ही बाई रोज त्या रस्त्याने जीव सांभाळत घरी येतेय. आणि मी दारात उभा राहून अकरा वर्षं एकच विचारतोय... उशीर का झाला?