बारा तोंडांचं माप

देगलूरकडच्या गावातून लातूरला आलो तेव्हा मला टेपवरचे इंच धड वाचता येत नव्हते. शाळा आठवीतच सुटलेली. जाळ्या बनवणाऱ्या उस्तादांनी स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, माप शिकवलं. आज दोन घास खातो ते त्यांच्यामुळं, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं काम जाळ्यांचं. मिलमधले मोठे पंखे भिंतीतल्या तोंडांतून हवा आत ओढतात. जाळी नसली की भुसा, पाखरं, सगळं मशीनमध्ये. जुन्या भिंतीतली दोन तोंडं कधी सारखी नसतात, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं घ्यायचं. वरून, मधून, खालून आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात.

आमच्यातली रीत अशी, की उस्ताद असताना टेपला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्यांनी माप बोलायचं, मी वहीत लिहायचं. वर्षभरापासून ते तेराला अठरा म्हणायला लागले होते. मी मान लांब करून टेप बघायचो आणि मला दिसेल ते गुपचूप लिहायचो. बोललो नाही. ह्यांचं काम गेलं तर, ही भीती होती.

मग सोयाबीनच्या एका मिलचं काम आलं. बारा तोंडं, सगळी पत्र्याच्या खाली, उंच. उस्ताद शिडीवर, मी शिडी धरून. खालून टेप दिसेना. मी म्हटलं, मी चढतो, तुमचे गुडघे दुखतात.

"गुडघे माझे हायत. तुला का कळा येऊन राहिल्या?"

बोलले तेच लिहिलं.

सात जाळ्या बसल्या नाहीत. आमच्या वर्कशॉपच्या शेठनी वही मागवली. लिहिताना मीच चुकलो, असं मी सांगितलं. शेठनी वाद घातला नाही. टेप टेबलावर ओढला, तेराच्या आकड्यापाशी अंगठा ठेवला आणि उस्तादांना विचारलं, हे किती? उस्ताद वाकले. नाक टेपला लागेपर्यंत वाकले.

"अठरा."

शेठनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्यानंतर मी उस्तादांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. साखरेनं आतला पडदा खराब झालाय, म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर उरलेली तरी टिकवता आली असती.

बाहेर पायरीवर बसलो. उस्ताद रस्त्याकडं तोंड करून होते. त्यांनी विचारलं,

"तुला ठावं होतं का रे?"

"न्हाई, उस्ताद."

"तुला न्हाई म्हणजे कुणालाच नव्हतं," ते म्हणाले आणि उठण्यासाठी माझा खांदा चाचपू लागले.