गाडीची चुडी

आमच्या बुढ्यानं बंद केलेलं काहीच मला उघडत नाही. लोणच्याची बरणी घ्या, तेलाचा डबा घ्या, मोरीतला नळ घ्या. तो झाकण फिरवतो, ते बसतं, आणि मग कुणी मागितलेला नसताना आणखी एक पीळ देतो. नळाची कितीतरी रबरं त्यानं अशीच खाल्ली. नळ ठिबकतो म्हणून तो आवळतो, आणि तो आवळतो म्हणून नळ ठिबकतो. हे मी लग्न झाल्यापासून सांगते आहे. आता दोघांचेही दात पडायला आले.

मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा हात मोटरसायकलवर पडला.

अकोटपासून थोडं आत आमचं वावर आहे. भाजीपाला लावतो, आणि दसऱ्याच्या बेतानं झेंडू. त्या दिवशी सकाळभर वाकून तोडलेला झेंडू दोन गठ्ठ्यांत बांधून मी कडुलिंबाखाली ओल्या चादरीत ठेवला होता. तो दिवेलागणीच्या आत अकोल्याच्या फुलबाजारात पोचायला हवा होता. दसऱ्याची सकाळ उलटली की झेंडूकडे ढोरंसुद्धा तोंड वळवत नाहीत. गावचा टेम्पो सगळ्यांची फुलं घेऊन दहालाच गेला होता. बुढ्यानं टेम्पोवाल्याला ऐटीत सांगितलं होतं, आमची गाडी आहे. आणि बारा वाजता त्याला आठवलं की गाडीचं ऑइल बदलायचं राहिलं.

"आजच काहून?" मी विचारलं.

"इंजिन आवाज करून राहिलं. एवढं वजन घेतलं तर रस्त्यात बसन."

"आवाज तर तुमी बी करता. तुमचं कोणी काही बदललं नायी."

त्यानं ऐकलं नाही. गाडी कालव्यापर्यंत फिरवून आणली, म्हणजे ऑइल गरम होऊन पातळ होतं. इंजिनाखाली घमेलं ठेवलं आणि पान्यानं खालचा बोल्ट काढला. काळंकुट्ट ऑइल पडलं. सुटे भाग ठेवायला मी एक जुनी ताटली दिली होती. तिच्यात एकटा बोल्ट येऊन पडला.

"याच्यासंगं काही नसते का?"

"वायसर असते, चपट्या कडीवानी. पडला असन मातीत."

मी माती चिवडली. वायसर काही दिसला नाही.

"जाऊ दे वं, नवा आणला म्या," तो म्हणाला.

नवा वायसर घालून त्यानं बोल्ट बसवला, बाटलीभर नवं ऑइल ओतलं, आणि नेहमीचा वरचा पीळ दिला. गाडी सुरू केली. बोल्टाच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला, पडला. त्याच्यामागून दुसरा आला. बुढ्यानं आणखी आवळलं. थेंब पडतच राहिले. मग तो कोपऱ्यातून बोअरच्या पाइपाचा हातभर तुकडा घेऊन आला आणि पान्याच्या दांड्यावर चढवू लागला, म्हणजे जोर जास्त लागेल. मी पाइप हिसकावून घेतला आणि अकोटच्या मेकॅनिकला फोन लावला. आमची गाडी तो ओळखतो, बुढ्यालाही ओळखतो.

"काकू, काकाजीनं लय आवळला असन," तो म्हणाला. "चुडी तर नायी गेली?"

"चुडीले काय होते? हातात हाये माह्या. एक फुटली सकाळी, झेंडू तोडताना."

तो फोनवरच हसत सुटला.

"तुमच्या हातातली नायी वो, बोल्टाची. त्याच्यावर आटे असतेत ना, त्याले आमी चुडी म्हणतो. बोल्ट कडक आणि इंजिन नरम. जास्त पिळलं का इंजिनातली चुडी मरते. मंग गाडी ढकलत आणा लागते."

"आणली तर कधी देशीन?"

"दसरा झाल्यावर. उद्या दुकान बंद हाये."

"मंग आता काय करू?"

"बोल्ट काढून उजेडात पाहा. आणि काकाजीले दूर बसवा."

बुढ्याला मी गठ्ठ्यांवर पाणी शिंपडायला बसवलं. त्याचं कंबरडं तसंही वाकत नाही, माझं वाकतं. नवं ऑइल एकाच बाटलीचं होतं, ते मातीत घालवून चालणार नव्हतं. म्हणून दूध तापवायचा गंज, म्हणजे उभं पातेलं, घासून-पुसून गाडीखाली ठेवला आणि मी बोल्ट काढला. बोल्टाचे आटे शाबूत होते. मग भोकाच्या तोंडावरून चिंधी फिरवली आणि बोटानं आतले आटे चाचपले. तेही शाबूत होते. पण भोकाच्या बाहेरच्या कडेला नख अडकलं. स्क्रू काढायच्या पेचकसाच्या टोकानं खरवडलं तर एक काळी कडी निघून हातात आली. तो जुना वायसर होता. इतकी वर्षं इंजिनाला चिकटून तो इंजिनाचाच भाग दिसत होता. म्हणजे बुढा एकावर एक दोन वायसर ठेवून पिळत होता. जन्मभर पिळलं असतं तरी ऑइल थांबलं नसतं.

"हा घ्या तुमचा मातीत पडलेला."

बुढ्यानं कडुलिंबाकडे पाहिलं, जशी काही त्याला वरून कुणी हाक मारली.

मी सगळं पुसून नवा वायसर घातला आणि बोल्ट हातानंच सरळ फिरवत बसवला. पाना मात्र त्याच्या हातात दिला, कारण माझ्या मनगटात आता जोर नाही.

"आखूड धरा, बोल्टाजवळ. बोल्ट टेकला का जरासा आणखी, आणि हात काढा."

त्यानं फिरवलं. बोल्ट टेकला. जरासा आणखी फिरला.

"बस," मी म्हणाले.

"एक पीळ?"

"नायी."

"आर्धा?"

"म्या इथंच बसली हाये."

त्यानं हात काढला. दात उपटून घेताना माणूस बसतो तसा तो बसला होता. ऑइल गाळून परत ओतलं, गाडी चालू ठेवली आणि दोघं जमिनीकडे पाहत बसलो. थेंब पडला नाही. त्या गंजात मी पुन्हा दूध तापवलं नाही, पण तो हिशेब बुढ्याशी वेगळा.

दोन बाजूंना दोन गठ्ठे आणि मधे मी, अशी गाडी निघाली. वाटेत दोनदा थांबून बुढ्यानं वाकता येत नसताना वाकून इंजिनाखाली पाहिलं. अकोल्याला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. फुलवाला म्हणाला, माल जरा सुकला मावशी. मी म्हटलं, तू दुपारभर चादरीत गुंडाळून राह्य, मंग बोलू. दिवे लागायच्या आत दोन्ही गठ्ठे गेले.

जुना वायसर मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आहे. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगायला लागले की बुढा मला चहा ठेवायला पाठवतो.

परवा लोणच्याची बरणी उघडायला घेतली. झाकण पहिल्याच फिरवण्यात निघालं. मला इतकं नवल वाटलं, की आत काही बिघडलं तर नाही म्हणून मी लोणचं हुंगून पाहिलं.