शाळेचा वाटा

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला अलिबागला शिक्षकांचं शिबिर भरलं होतं. मी तेव्हा नुकतीच ट्रेनिंग संपवून नोकरीला लागले होते. वरून आलेल्या एका साहेबांनी सगळ्यांना विचारलं, शाळा चांगली कशाने होते? कुणी इमारत म्हणालं, कुणी नकाशे, एका बुजुर्ग गुरुजींनी छडीचंही नाव घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, शाळेबाहेर तान्ही पोरं सांभाळायला एक बाई बसली की शाळा चांगली होते. सगळीकडे हशा पिकला. साहेबही हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला राग आला. राग मला लवकर येतो, तो आईकडून आलाय. म्हणून त्या दिवशी सांगायचं राहून गेलं ते इथे लिहिते. ती बाई मी मनाने रचलेली नव्हती. तिचं नाव बायजा.

आमचा कोळीवाडा श्रीवर्धनच्या दक्षिणेला, हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आम्हाला एक शाळा मिळाली होती. एकच खोली, वर कौलं, दारात उंडीचं झाड आणि आत म्हसळ्याकडचे पाष्टे गुरुजी. गुरुजी वयाने तरुण, धोतर परीटघडीचं आणि मासळीच्या वासाने हैराण झालेले. शाळेला लागूनच बायकांची खळी होती, तिथे जवळा वाळत पडायचा. वारा फिरला की गुरुजी नाकाला उपरणं लावून पाढे म्हणून घेत.

शिक्षण सक्तीचं झालंय असं सरकारने जाहीर केलं होतं. पण मुली शाळेत येत त्या मधूनमधून. त्यात बापाचा हट्ट नव्हता की रूढी-बिढी नव्हती. आई टोपली घेऊन बाजारात गेली की घरचं तान्हं पोर कुणी कडेवर घ्यायचं आणि खळ्यावरचे कावळे कुणी हाकायचे, एवढाच प्रश्न होता. उत्तर ठरलेलं असे. आठ-नऊ वर्षांची बहीण.

बायजाचं खळं रांगेत शेवटचं. नवरा काविळीने लवकर गेला, मूलबाळ नाही. अंगाने काटक, आणि तोंडाचा पट्टा असा की भरतीच्या लाटेलासुद्धा तिने दोन शब्द सुनावले असते. तिच्याशी भांडण झालं नाही असं घर वाड्यात शोधून सापडलं नसतं.

एके दिवशी गोदू नावाची मुलगी कडेवर भाऊ घेऊनच वर्गात येऊन बसली. पोराने सूर लावला, वर्गात कुणाला काही ऐकू येईना, गुरुजींनी तिला बाहेर घालवलं. ती उंडीखाली उभी राहून खिडकीतून आत बघत होती. बायजाने जवळा पसरता पसरता ते पाहिलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, पोर हिकडं दे आणि तू आत जा. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी पोर घेऊन आली, मग तिसरी. महिन्याभरात उंडीखाली गोधड्यांवर पोरंच पोरं दिसू लागली. बायजा त्यांना शिव्या घालत होती, पेज भरवत होती आणि अधूनमधून उठून कावळ्यांवर खडे मारत होती. वर्गात मुलींची एक अख्खी रांग भरली.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. शाळा सुटली की पोर परत देण्याआधी ती प्रत्येकीला विचारायची, आज काय शिकलीस? मुली खाली बघत. धडा पाठ म्हणता येत असे, पण त्यात काय आहे ते सांगता येत नसे. चार दिवस तिने हे बघितलं आणि पाचव्या दिवशी सरळ वर्गात जाऊन गुरुजींपुढे उभी राहिली.

"गुर्जी, गिऱ्हाइक मासली घेतं ती कल्ले उघडून बघून घेतं," ती म्हणाली. "मी हितं दिसभर पोरं सांभालते. मंग आत काय चाललंय त्ये मी बघीन का न्हाय? पोरींना काय कललेलं न्हाय. उद्या परत सांगा."

गुरुजी लालबुंद झाले. एका अडाणी बाईने मुलांसमोर असं बोलावं हे त्यांना झोंबलं. दोन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मनात आणलं असतं तर शाळेच्या आवारात बसू नको म्हणून तिला उठवता आलं असतं, आणि वर तक्रारही करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही, यासाठी मी त्यांना आजही मनातल्या मनात हात जोडते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी त्यांनी मुलांना जोडीजोडीने बसवलं आणि दिवसभरात जे शिकवलं ते एकमेकांना आपल्या शब्दांत सांगायला लावलं. ज्यांना सांगता येईना त्यांना पुन्हा समजावलं. पुढे तो रोजचाच रिवाज झाला. बायजाच्या तावडीतून सुटायचं तर दुसरा उपाय नव्हता, मुलांना नाही आणि गुरुजींनाही नाही.

हे सगळं मी बाहेरून बघत होते. कारण माझी आई केसर आणि बायजा यांचं बोलणं बंद होतं. आमचं खळं तिच्या खळ्याच्या अलीकडे, आणि मधल्या हद्दीवरून, चार बोटं जमिनीवरून, दोघींचं असं वाजलं होतं की त्यानंतर एकमेकींची सावली त्यांना चालत नव्हती. तिसरीपर्यंत मी शाळेत होते. चौथीच्या वर्षी माझा भाऊ सदा झाला आणि मी त्याला कडेवर घेऊन आमच्या खळ्यावर बसू लागले. शाळेची भिंत हाकेच्या अंतरावर. आतल्या कविता मला ऐकू येत, गणितं ऐकू येत नसत.

गुरुजी दोनदा घरी आले. चैत्रात चौथीची परीक्षा आहे, पोरगी हुशार आहे, एकदा वर्ष गेलं की मुली परत येत नाहीत, असं त्यांनी आईला परोपरीने सांगितलं. वडिलांचं मन वळलं होतं. आई मात्र म्हणाली की माझं पोर त्या बाईच्या मांडीवर जीव गेला तरी जाणार नाही. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या शाळेच्या आड दारिद्र्य आलं नव्हतं, चार बोटं जमीन आली होती, आणि मला त्याचीच जास्त चीड येत होती.

फाल्गुनात एका दुपारी दक्षिणेकडून आभाळ काळं होऊन आलं. वडील समुद्रावर, आई टोपली घेऊन श्रीवर्धनला, बहुतेक बायका बाजारातच. सगळ्या खळ्यांवर जवळा पसरलेला. भिजलेला जवळा म्हणजे माडाच्या मुळाशी घालायचं खत, दुसरं काही नाही. मी सदाला कडेवर घेऊन एका हाताने जवळा ओढू लागले आणि तो हाताबाहेर सांडत राहिला.

बायजाने शाळेच्या खिडकीवर थाप मारून गुरुजींना हाक दिली. गुरुजींनी बाहेर पाहिलं आणि क्षणभरही न थांबता वर्ग सोडला. पोरं टोपल्या, सुपं, जे हाती लागेल ते घेऊन धावली. टोपल्या पुरेनात तेव्हा गुरुजींनी भिंतीवरचा फळा उतरवला आणि त्याच्यावर जवळा भरून आत न्यायला सुरुवात केली. ते परीटघडीचं धोतर त्यांनी गुडघ्यापर्यंत खोचलं होतं आणि उपरणं कुठे पडलं याची त्यांना शुद्ध नव्हती.

बायजा माझ्यासमोर आली आणि हात पुढे केले. मी सदाला घट्ट धरलं. आईची शपथ मला ठाऊक होती. "दे त्याला," ती म्हणाली, "आनि मग तुज्या आयशीला काय सांगायचा ता सांग." मी सदाला तिच्याकडे दिलं.

तिने सगळी तान्ही पोरं वर्गात नेली आणि दारात बसून राहिली. पोरं भेदरून रडत होती, एक रांगत उंबऱ्यापर्यंत येत होतं, तिला हलता येत नव्हतं. आम्ही अलीकडच्या टोकापासून सुरुवात केली होती. आमचं खळं आवरून झालं आणि पावसाने गाठलं. बायजाचं शेवटचं खळं तसंच राहिलं. आपला जवळा भिजताना तिने दारातून बघितला. हंगामाची तिची सगळी कमाई तिथे होती. गुरुजी तिकडे धावायला निघाले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. आता काय उपेग न्हाय, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आई परत आली. आमचा जवळा वर्गाच्या कोपऱ्यात कोरडा होता आणि सदा बायजाच्या मांडीवर झोपला होता. आईने सदाला उचललं, बाहेर आली आणि बायजाच्या खळ्यावर साचलेल्या चिखलाकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

दोन दिवसांनी बायजाने गुरुजींना सांगितलं की आता तिला बसायला जमणार नाही. पोट भरायचं तर दुसऱ्यांची मासळी डोक्यावरून म्हसळ्याला नेऊन विकावी लागणार होती. उंडीखालच्या गोधड्या गेल्या. तिच्या मागोमाग वर्गातली मुलींची रांगही गेली. परीक्षा तोंडावर आली होती आणि आता माझं एकटीचंच नाही, सगळ्याच मुलींचं वर्ष बुडणार होतं.

त्याच आठवड्यात वडिलांची होडी भरून आली. वडील गुणाजी तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमात चालायची. रेतीवर मासळी ओतली की तिचे वाटे पडतात. काही होडीचे, काही जाळ्यांचे, बाकीचे खलाशांचे. वाटे पाडून झाले तेव्हा आई पुढे झाली आणि आणखी एक वाटा काढा म्हणाली. कुणाचा, असं वडिलांनी विचारलं. शाळेचा, आई म्हणाली. माणसं हसली. शाळा कधीपासून समुद्रावर यायला लागली, असं कुणीतरी म्हणालं.

"पोरं ती बायजा सांभालते म्हनून बायका बाजारात जातान," आई म्हणाली. "बायका बाजारात जातान म्हनून तुमची मासली इकते. मंग ती खलाशी न्हाय तर कोन हाय? खलाशाला वाटा देता का न्हाय?"

वडिलांनी खाली वाकून एक वाटा वेगळा काढला. हळूहळू बाकीच्या होड्यांनीही काढला. भागोजी नावाच्या एका तांडेलाने बरीच कुरकुर केली, पण त्याची बायको त्याच्याकडे बघत उभी होती.

बायजाने केसरच्या घरचं काही नको म्हणून पहिल्यांदा टोपली परत पाठवली. मग गुरुजी गेले. हा वाटा केसरचा नाही, शाळेचा आहे, आणि तुम्ही घेतला नाहीत तर उद्यापासून ती सगळी पोरं मलाच वर्गात घ्यावी लागतील, असं त्यांनी तिला सांगितलं. या माणसाला दुपटंसुद्धा धरता येत नाही हे तिला दिसत होतं. तिने वाटा घेतला, आणि मांदेली बारीक आहेत म्हणून लगेच कुरकुरही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सदाला स्वतः नेलं. बायजाच्या तोंडाकडे न बघता तिच्या मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाली, आत जा. मी आत गेले. मागचं सगळं भरून काढायला गुरुजी शाळा सुटल्यावरही माझ्याबरोबर बसले. तिथून सुटले की बाहेर बायजा असायची. अपूर्णांक म्हणजे काय ते मी तिला भाकरीचे तुकडे करून समजावलं, तिने ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. तिला ते समजलं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र तिला सांगता सांगताच समजलं. पुढे ट्रेनिंगमध्ये शिकवण्याच्या पद्धतींची जाड पुस्तकं वाचली, पण माझ्या वर्गात मी आजही त्या दोघांचंच करते, आणि त्यांचे उपकार मानते.

चैत्रात मी चौथी पास झाले. आई निकाल ऐकून घरी आली नाही. तशीच उंडीखाली गेली आणि किती वर्षांनी बायजाशी बोलली.

"तुजी पोर पास झाली," ती म्हणाली.

बायजा कावळ्यांसाठी खडे गोळा करत होती. तिने ते हातातून खाली टाकले. मग म्हणाली, "मंग पाचवीला शिरवर्धनाला कोन नेनार तिला? तू का मी?"

पाचवीपासूनची शाळा श्रीवर्धनलाच होती आणि एवढ्या वाटेने मुलीला एकटी पाठवत नसत. दोघींनी वार वाटून घेतले. आईच्या दिवशी बायजा पोरांपाशी बसे. बायजाच्या दिवशी तिची टोपली बाजारात जाई आणि उंडीखाली माझी आई बसे. त्या पावसाळ्यातच हद्दीवरून दोघींचं पुन्हा जुंपलं आणि बोलणं पुन्हा बंद झालं. सातवी होईपर्यंत मी रोज त्यांच्यापैकी एकीच्या टोपलीमागून चालत गेले. वाटेत दोघींपैकी एकीनेही दुसरीबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही, आणि दोघींपैकी एकीनेही मला एक दिवस घरी ठेवलं नाही.